ओल्ड क्रो मेडिसिन शो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या गाडीत हे संगीत लागलं की खंडाळ्याचा घाट यायच्या आत मागच्या सीटवरून प्रश्न सुरू होतात. भाचरं विचारतात, मित्र विचारतात, आई तर दर वेळी विचारते. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

हे काय चाललंय? कोण आहेत ही माणसं?

ओल्ड क्रो मेडिसिन शो हा अमेरिकेतला तंतुवाद्यांचा बँड आहे. 'ओल्ड-टाइम' नावाचं जुनं संगीत ते पंक रॉकच्या जोशात वाजवतात, असं मी सगळ्यांना सांगत असतो. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बँजो, गिटार, माउथ ऑर्गन, उभा बास आणि एका सुरात ओरडणारे चार-पाच गळे. १९९८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावात तो जमला. म्होरक्या केच सेकोर. तो आणि क्रिटर फुक्वा हे व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गचे शाळासोबती, सातवीपासूनचे. विली वॉटसन न्यूयॉर्क राज्यातलाच. पोरांनी दहा गाण्यांची एक कॅसेट स्वतःच काढली आणि त्याच वर्षी थंडीच्या तोंडावर गाडीत वाद्यं भरून कॅनडाच्या रस्त्याला लागले. गाव दिसलं की फुटपाथवर उभं राहायचं, पेटी उघडी टाकायची, वाजवायचं, कॅसेट विकायच्या आणि मिळालेल्या पैशात पुढच्या गावाचं पेट्रोल भरायचं.

नावात 'मेडिसिन शो' कशाला? डॉक्टर आहेत का?

नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत घोडागाडीतून गावोगाव फिरणारे औषधविक्रेते असत. एकाच बाटलीत पोटदुखी, संधिवात, अशक्तपणा आणि टक्कल या सगळ्यांवर उतारा. बाटलीत बहुतेक दारू, कधी अफू. पण नुसती बाटली कोण घेणार? म्हणून आधी गाणंबजावणं, नकला, विनोद, आणि गर्दी पुरेशी जमली की 'डॉक्टर' पुढे यायचे. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी जडीबुटीवाला डमरू वाजवून माणसं गोळा करायचा, तसलाच प्रकार.

१९०६ च्या कायद्याने बाटलीत काय आहे हे लिहिणं भाग पडलं, तरी हे तमाशे पुढे बरीच वर्षं चालले. कंट्री संगीतातला मोठा गायक रॉय अकफ याने १९३२ मध्ये अशाच एका औषधवाल्यासोबत फिरून गर्दीसमोर उभं राहायची कला शिकून घेतली. माइक नसल्यामुळे शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा तर फुप्फुसांवरच भिस्त. हे पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

'ओल्ड क्रो' हे केंटकीतल्या एका जुन्या व्हिस्कीचंही नाव आहे. नावाचा पहिला अर्धा भाग आणि दुसरा अर्धा भाग एकमेकांपासून फार लांब नाहीत, एवढंच म्हणतो.

बँजो म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीतला बेंजो का?

हा प्रश्न विचारल्याबद्दल कोणी हसलं तर हसू द्या, प्रश्न बरोबर आहे. मुंबईत, कोकणात आपण ज्याला बेंजो म्हणतो तो मुळात बुलबुलतरंग. लाकडी फळीवर तारा, त्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. त्याचा पूर्वज जपानी, 'ताइशोगोतो' नावाचा, १९१२ च्या सुमाराचा. आपल्या लोकांनी त्याला पिकअप लावला, लाउडस्पीकर लावला आणि ट्रकवर चढवला.

अमेरिकन बँजो पूर्ण वेगळा. गोल कड्यावर ताणलेलं कातडं, म्हणजे जवळपास डफच, आणि त्याला गिटारसारखा लांब दांडा. जुन्या पद्धतीच्या बँजोला पाच तारा असतात आणि पाचवी तार बाकीच्यांपेक्षा आखूड, दांड्याच्या मध्यावरच संपणारी. तिच्यावर सूर बदलत नाहीत. अंगठा मधूनमधून तिला टोचत राहतो आणि एकच उंच स्वर सतत वाजतो. तमाशातलं तुणतुणं डोळ्यांपुढे आणा. डफ आणि तुणतुणं एकाच वाद्यात कोंबलं तर जे होईल ते हे. तालही देतं, आधारस्वरही देतं, वर चालही वाजवतं.

वाजवायची जुनी रीत म्हणजे 'क्लॉहॅमर'. हाताचा पंजा करायचा आणि तर्जनीचं किंवा मधल्या बोटाचं नख तारेवर वरून खाली मारायचं. छेडायचं नाही, मारायचंच. प्रत्येक ठोक्याबरोबर कातड्याचाही 'थप' ऐकू येतो.

'ओल्ड-टाइम' म्हणजे नुसती जुनी गाणी? आणि ब्लूग्रास वेगळं का?

ओल्ड-टाइम हे एका शैलीचं नाव आहे. अपलाचियन डोंगररांगांत आणि एकूणच अमेरिकेच्या दक्षिणेत रेडिओच्या आधीपासून वाजत आलेलं नाचाचं संगीत. धान्याच्या कोठारात किंवा घरातलं सामान हलवून मोकळ्या केलेल्या खोलीत जोड्या नाचायच्या आणि कोपऱ्यात फिडल आणि बँजो. धुनेचे साधारणपणे दोन भाग असतात, सारख्याच लांबीचे. पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, की पुन्हा पहिला. असं दहा-पंधरा मिनिटं. नाचणारे थांबेपर्यंत वाजवणाऱ्याला थांबायची सोय नाही.

यात सगळे एकदम वाजवतात, तीच चाल, जो तो आपल्या वाद्यावर. 'आता तुझी तान, मग माझी तान' हा मामला नाही. तो ब्लूग्रासमध्ये. ब्लूग्रास हे तुलनेने अलीकडचं बाळ आहे. बिल मन्रोच्या बँडमध्ये १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज आला, तीन बोटांनी बँजो असा काही वाजवायला लागला की लोक स्टेजच्या कडेला येऊन त्याचे हात बघायचे, आणि तिथून ती शैली आकाराला आली. ब्लूग्रास बसून ऐकायचं, टाळ्या द्यायच्या. ओल्ड-टाइम पायांसाठी.

ओल्ड क्रोला पुष्कळ जण ब्लूग्रास बँड म्हणतात. ब्लूग्रासवाले ऐकून कानाला हात लावतात.

यात पंक कुठे आहे? ना ड्रम, ना करकरणारी इलेक्ट्रिक गिटार.

या प्रश्नावर मी घाट उतरून जाईपर्यंत बोलू शकतो, तेव्हा थोडं सहन करा.

पंक म्हणजे काय ते आधी. १९७० च्या दशकात रॉक संगीत भलतंच आलिशान झालं होतं. वीस मिनिटांचे सोलो, ट्रक भरून सामान, स्टेजवर धूर. त्यावर चिडून काही पोरांनी ठरवलं की तीन कॉर्ड येतात ना, मग बास. जोरात वाजवा, वेगात वाजवा, आपलं रेकॉर्ड आपणच काढा. गळा गोड नसला तरी चालेल, पण खोटा नको.

आता १९२० च्या दशकातल्या रेकॉर्डी ऐका. जॉर्जियातला स्किलेट लिकर्स हा बँड १९२६ पासून कोलंबिया कंपनीसाठी वाजवत होता. दोन-दोन, तीन-तीन फिडल एकमेकांच्या अंगावर धावून जातात, मध्येच कोणीतरी किंचाळतं. नॉर्थ कॅरोलायनातला चार्ली पूल हा कापडगिरणीतला कामगार. बेसबॉलच्या चेंडूने हात कायमचा वाकडा झालेला, त्यामुळे बँजो आपल्याच तऱ्हेने वाजवायचा. १९२५ मध्ये त्याची पहिली रेकॉर्ड एक लाखाच्या वर खपली. पुढे मंदी आली, काम आटलं, दारू वाढली, आणि १९३१ मध्ये आठवडेच्या आठवडे चाललेल्या पिण्याच्या शेवटी तो गेला. वय ३९. ही गोष्ट कोणी लंडनच्या १९७७ मधल्या एखाद्या पंक पोराची म्हणून सांगितली असती, तर तुम्ही मान डोलावली असती.

मुद्दा असा की या संगीतात पंक बाहेरून आणून मिसळावा लागला नाही. तो आत होताच. मधल्या काळात विद्यापीठांनी, संग्राहकांनी आणि स्वच्छ शर्ट घातलेल्या लोकगायकांनी त्याला काचेच्या कपाटात ठेवलं. संग्राहकांचे उपकारही आहेतच. हॅरी स्मिथने १९५२ मध्ये जुन्या ८४ रेकॉर्डींचा संच काढला नसता, तर निम्मी नावं आज कोणाला ठाऊक नसती. पण कपाटातली वस्तू हळू बोलते. ओल्ड क्रोच्या पोरांनी कपाट फोडलं.

आणि फुटपाथने त्यांना घडवलं. स्पीकर नाही, मागे रहदारी, समोरून जाणारा माणूस चार पावलांत तुम्हाला ओलांडून जाणार. त्या चार पावलांत त्याला थांबवायचं. अकूस्टिक, म्हणजे विजेशिवायच्या गिटारचा आवाज एका मर्यादेपुढे वाढत नाही, मग वाढवणार काय? वेग, आणि तारेवरचा हल्ला. बासच्या तारा ओढून पट्टीवर आपटायच्या, म्हणजे ड्रमची गरज उरत नाही. फिडलवर गज इतका दाबून घासायचा की गाण्याच्या शेवटी त्याचे दोन-चार केस तुटून लोंबत असतात. औषधवाल्याच्या गाडीवर जे व्हायचं तेच, फक्त बाटलीऐवजी कॅसेट.

थेट नात्याचाही एक पुरावा देतो. त्यांचे २०१२ आणि २०१४ चे अल्बम टेड हट याने प्रोड्यूस केले. हा फ्लॉगिंग मॉली या आयरिश-पंक बँडच्या संस्थापकांपैकी एक.

औषधाच्या दुकानासमोर त्यांना कोणी 'शोधलं' ती गोष्ट खरी का?

खरी. कॅनडाहून फिरून ही मंडळी नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात येऊन राहिली. २००० साली बून या गावात किंग स्ट्रीटवरच्या औषधाच्या दुकानाबाहेर ती वाजवत होती. मेडिसिन शो, आणि औषधाच्या दुकानासमोर. कोणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने काट मारली असती. तिथून डॉक वॉटसनची मुलगी जात होती. तिला वाटलं हे बाबांना आवडेल, आणि तिने त्यांना आणलं.

डॉक वॉटसन म्हणजे त्या मुलखातला देवमाणूस. लहानपणीच दृष्टी गेलेली, गिटारवर फिडलच्या धुना वाजवणारा पहिल्या रांगेतला वादक. तरुणपणी त्याने याच किंग स्ट्रीटवर पैशांसाठी वाजवलं होतं. म्हातारा उभा राहून ऐकत राहिला आणि त्याने पोरांना मर्लफेस्टला बोलावलं. हा उत्सव त्याच्या मुलाच्या, मर्लच्या, स्मरणार्थ १९८८ पासून चालतो. मर्ल १९८५ मध्ये ट्रॅक्टरखाली गेला होता.

तिथून नॅशव्हिल, आणि २००१ च्या जानेवारीत ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओवरून चालणारा गाण्यांचा मंच, म्हणजे कंट्री संगीताचं पंढरपूर. फुटपाथ ते ऑप्री साधारण एका वर्षात. २०१३ मध्ये त्यांना ऑप्रीचं कायम सभासदत्वही मिळालं.

आज किंग स्ट्रीटवर एका बाकावर गिटार घेऊन बसलेला डॉकचा पुतळा आहे. शेजारी जागा मोकळी आहे, जाऊन बसता येतं. त्यावर काय लिहावं असं विचारल्यावर त्याने 'लोकांमधलाच एक' एवढंच लिहायला सांगितलं.

'वॅगन व्हील' हे गाणं त्यांचं की बॉब डिलनचं?

दोघांचं, निम्मं निम्मं, कागदोपत्री.

१९७३ च्या सुरुवातीला डिलन एका वेस्टर्न चित्रपटासाठी रेकॉर्डिंग करत होता. त्यात एक अर्धवट तुकडा राहून गेला. धृपद नीट, कडवी म्हणजे नुसतं पुटपुटणं. तो चोरट्या रेकॉर्डिंगांतून फिरत राहिला. क्रिटरला असलं एक रेकॉर्डिंग लंडनच्या सहलीत मिळालं, त्याने ते केचला दिलं. केच तेव्हा घरापासून लांब, न्यू हॅम्पशरमधल्या निवासी शाळेत. वय १७ च्या आसपास, थंडी, दक्षिणेची आठवण. त्याने कडवी लिहिली. उत्तरेकडून लिफ्ट मागत मागत नॉर्थ कॅरोलायनातल्या रालेला प्रेयसीकडे निघालेल्या पोराची गोष्ट.

बरीच वर्षं ते असंच गायलं गेलं. रेकॉर्ड करायची वेळ आली तेव्हा हक्कांचा प्रश्न निघाला आणि डिलनकडून निम्म्या-निम्म्या वाटणीला होकार आला. मजा पुढे आहे. डिलनचं म्हणणं, धृपद त्याने आर्थर क्रूडपकडून घेतलं. क्रूडपचं म्हणणं, बिग बिल ब्रून्झीकडून. म्हणजे दोन कृष्णवर्णीय ब्लूजगायक, मग डिलन, मग सतरा वर्षांचं पोरगं. लोकगीत वंशवृक्षात बसवायचं म्हटलं की असं होतं. आपल्या ओव्यांचे कर्ते शोधायला जा, कोणत्या जात्यापाशी थांबणार?

ओल्ड क्रोने ते २००४ च्या 'ओ.सी.एम.एस.' या अल्बममध्ये घेतलं. रेडिओने फारसं वाजवलं नाही. कॉलेजांच्या होस्टेलांतून, शेकोट्यांभोवती ते पसरत गेलं आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये त्याला प्लॅटिनम मिळालं. त्याच वर्षी डॅरियस रकर या कंट्री गायकाने ते गायलं. त्याला ते सापडलं मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमात, शिक्षकांचा बँड वाजवत होता तिथे. त्याची आवृत्ती कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि तिला ग्रॅमी मिळालं.

हे सगळं झाल्यावर डिलनने आणखी एक जुना तुकडा ओल्ड क्रोकडे पाठवला. पोरांनी तो पुरा करून परत ऐकवला, तर निरोप आला : माउथ ऑर्गनच्या जागी फिडल घ्या आणि धृपदावर लवकर या. त्यांनी केलं, आणि गाणं उभं राहिलं. ते २०१४ च्या 'रेमेडी'मध्ये आहे. त्या अल्बमला सर्वोत्तम लोकसंगीताचं ग्रॅमी मिळालं.

मग लोक 'वॅगन व्हील'चं नाव काढलं की कपाळाला हात का लावतात?

अतिपरिचय. अमेरिकेत पबमध्ये गिटार घेऊन कोणी बसला की तिसरी फर्माइश ही. काही संगीताच्या दुकानांत आणि बारमध्ये 'वॅगन व्हील वाजवू नये' अशा पाट्या लागल्या. चार कॉर्ड, सगळ्यांना येणारं धृपद, दोन पेगनंतरही शब्द आठवतात. सहलीच्या बसमधली अंताक्षरी आठवा, 'म'वरून तेच एक गाणं पुन्हा पुन्हा. गाण्याचा दोष नाही.

त्या गाण्यातला भूगोल चुकलाय म्हणे?

चुकलाय. पोराला लिफ्ट देणारा ट्रकवाला कंबरलँड गॅप या खिंडीहून पश्चिमेला जॉन्सन सिटीकडे निघालाय असं त्यात आहे. जॉन्सन सिटी गॅपच्या पूर्वेला. गाण्यातला पोरगा सांगितल्या दिशेने जात राहिला असता तर रालेची ती मुलगी अजून वाट बघत असती.

जॉन्सन सिटीचा आणि बँडचा दुसरा संबंध मात्र अचूक आहे. १९२८ मध्ये कोलंबिया कंपनीने तिथे तात्पुरता स्टुडिओ थाटून डोंगरातल्या वादकांना बोलावलं होतं. तेव्हा ग्रँट ब्रदर्सनी गायलेलं 'टेल इट टू मी' हे कोकेनवरचं गाणं ओल्ड क्रोने उचललं आणि 'ओ.सी.एम.एस.'ची सुरुवातच त्याने केली.

कोकेन? १९२८ मध्ये?

अहो, कोकेन, अफू, दारू, खून, तुरुंग, पळून जाणं, पळवून नेणं. जुन्या गाण्यांत सगळं आहे. एका नदीकाठी प्रेयसीला मारून टाकल्याच्या गाण्यांचा तर वेगळा प्रकारच आहे, आणि ती अगदी गोड चालीत गातात. 'पूर्वीची गाणी किती सोज्वळ' असं म्हणणाऱ्याने पूर्वीची गाणी ऐकलेली नसतात. आपल्याकडेही लावण्यांच्या बाबतीत हेच.

हे गोऱ्या खेडुतांचं संगीत ना?

चित्र तसं रंगवलं गेलं. बँजो मुळात पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी घडवला. भोपळा, त्यावर कातडं, काठीचा दांडा. सेनेगल-गाम्बिया भागात 'अकॉन्टिंग' नावाचं त्याचं भावंड अजून वाजतं आणि त्यातही आखूड तार अंगठ्यानेच वाजवतात. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून, गुलामांची टिंगल करत हे वाद्य रंगमंचावर आणलं, आणि त्या तमाशांतून ते घरोघर गेलं. ही गोष्ट वगळून बँजोचा इतिहास सांगता येत नाही.

पुढे १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दोन याद्या केल्या, काळ्यांसाठी एक आणि गोऱ्या 'हिलबिलीं'साठी एक. वाजवणाऱ्यांची गावं तीच, धुना पुष्कळदा त्याच. कार्टर फॅमिली या गाजलेल्या गाणाऱ्या कुटुंबातल्या ए. पी. कार्टरसोबत गाणी गोळा करत हिंडणारा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक होता. चाली तो लक्षात ठेवायचा. ऑप्रीच्या पहिल्या ताऱ्यांपैकी एक डीफोर्ड बेली, माउथ ऑर्गनवर आगगाडी हुबेहूब उभी करणारा, तोही कृष्णवर्णीय. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. नंतर त्याने बुटांना पॉलिश करायचं दुकान चालवलं. देशाच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं ते २००५ मध्ये, तो गेल्यानंतर २३ वर्षांनी. ओल्ड क्रोच्या २०२२ च्या अल्बममध्ये त्याच्यावर एक गाणं आहे.

क्रूडपचंही तेच. एल्विस प्रेस्लीने त्याची गाणी गाऊन जग जिंकलं आणि क्रूडप हक्कांच्या पैशांसाठी शेवटपर्यंत भांडत राहिला. त्याच्या नावाशी जोडलेलं धृपद डिलनमार्गे, ओल्ड क्रोमार्गे फिरून रकरसारख्या कृष्णवर्णीय गायकाच्या तोंडी आलं आणि पहिल्या क्रमांकावर गेलं. क्रूडप १९७४ मध्येच वारला होता.

या बाजूने ऐकायचं तर कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स ऐका. २००५ मध्ये जमलेले तीन तरुण कृष्णवर्णीय वादक दर आठवड्याला जो थॉम्पसन या म्हाताऱ्या फिडलरच्या घरी जाऊन त्याच्यासमोर बसून शिकले. गुरुकुलच म्हणा. त्यांच्यातली रियानन गिडन्स आज या संगीतातलं फार मोठं नाव आहे. माझं स्पष्ट मत विचाराल तर गळ्याच्या बाबतीत ओल्ड क्रोच्या कितीतरी पुढे.

लोकसंगीत पंकच्या जोशात, असं अजून कोणी केलं होतं का?

हो, आणि आधी. लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात १९८२ मध्ये पोग्ज हा बँड जमला. आयरिश धुना, टिनची शिट्टी, अकॉर्डियन आणि शेन मॅकगावनचा दात पडलेला आवाज. त्यांच्यातला एक जण ताल म्हणून बिअरचा ट्रे स्वतःच्या डोक्यावर आपटायचा. अमेरिकेत मिलवॉकीचे व्हायोलंट फेम्स. १९८१ मध्ये तेही एका थिएटरबाहेर फुटपाथवर वाजवत असताना प्रिटेंडर्स बँडच्या नजरेस पडले. फुटपाथचं महत्त्व मी उगाच सांगत नाही.

अजूनही पूर्ण अकूस्टिक आहेत का?

नाही. २००८ च्या अल्बममध्ये ड्रमही आले, ऑर्गनही आला. विली वॉटसन २०११ मध्ये बाहेर पडला आणि एकट्याने गाऊ लागला. माणसं येत-जात राहिली, सुरुवातीच्या मंडळींपैकी केच सेकोर तेवढा टिकून. अलीकडचे अल्बम वाईट नाहीत, पण झाडूने झाडल्यासारखे नीटनेटके वाटतात. मला खरखरीत हवं असतं.

सुरुवात कुठून करू?

'ओ.सी.एम.एस.' सलग ऐका, हेडफोनवर नको, स्पीकरवर. मग २०१२ चा 'कॅरी मी बॅक'. त्यानंतर लगेच मागे जा आणि चार्ली पूल ऐका. खरखर येईल, पाच मिनिटांत कान सरावतात. बघायचं असेल तर 'बिग ईझी एक्सप्रेस' हा माहितीपट. २०११ मध्ये तीन बँड जुन्या आगगाडीच्या डब्यांतून ओकलंडहून न्यू ऑर्लिन्सपर्यंत वाजवत गेले, त्याचा.

मला व्हायोलिन येतं. फिडल वेगळं घ्यावं लागेल का?

वाद्य तेच. फरक हातात. गज छोटा छोटा मारायचा, दोन तारा एकदम घासायच्या, कंप जवळजवळ नाही. पुष्कळ धुनांसाठी फिडलर तारा ए-ई-ए-ई अशा मिळवतात, म्हणजे आपल्या भाषेत सा-प-सा-प. कर्नाटकी व्हायोलिनवाले नेहमी असंच मिळवतात. तेव्हा निम्मी लढाई जिंकलेलीच आहे. मींड मात्र आवरा. पहिल्यांदा मी वाजवलं तेव्हा नाचाची धून भीमपलासीकडे झुकली होती.

आणि बँजो? भारतात मिळतो का?

मोठ्या शहरांतल्या वाद्यांच्या दुकानांत मागवून देतात. घेताना 'पाच तारांचा' असं तीनदा सांगा, नाहीतर चार तारांचा किंवा थेट बुलबुलतरंग हातात येईल.

एक अनुभवाचा सल्ला. माझा पहिला बँजो मित्राने अमेरिकेतून आणलेला, सेकंडहँड, खऱ्या कातड्याचा. एप्रिलमध्ये पुण्यात खणखणीत वाजला. जुलै लागला आणि कातडं ओल धरून असं सैल पडलं की ओल्या गोणपाटावर टिचकी मारल्यासारखा आवाज. मला आठवलं, हलगीवाले वाजवायच्या आधी हलगी जाळावर शेकतात. मी गॅस पेटवला. सुरुवातीला आवाज खरंच वर चढायला लागला, म्हणून अजून थोडं जवळ धरलं. फट्. कातडं मधोमध उभं चिरलं. हलगीवाला जाळापासून किती अंतर ठेवतो आणि कसा फिरवत राहतो, हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. आता प्लास्टिकचं कातडं बसवलंय, पावसाळ्यातही तंग राहतं. आवाजात ती ऊब नाही, पण आईच्या स्वयंपाकघरात मला पुन्हा प्रवेश मिळालाय.

जरा आवाज कमी करतोस का रे?

हो आई. दुसरा भाग एकदाच झालाय, तो अजून एकदा येऊ दे.